रीताच्या याडीचा व्हिडिओ

विनोदनं टॅबवरच्या यादीतल्या पहिल्या नावावर पाचव्यांदा बोट ठेवलं. काळी चौकट उघडली, पण चित्र काही येईना. समोर शाळेच्या कम्प्युटरवर मात्र तोच व्हिडिओ झकास चालला होता.

"सर, करा ना लवकर," ललिताबाई दारातून म्हणाली. वसतिगृहाचा स्वयंपाक तिच्याकडे होता. "रीतानं आजबी ताट सारून देल्लं. तिसरा दिस हाये. तिचा आजा उद्या तिले मायबापापाशी उसाच्या फडावर पोचवून देतो म्हन्ते."

तांड्यावरची माणसं ऊसतोडीला गेली की मागं राहिलेली बावीस पोरं या शाळेतच राहत. फोनला रेंज फक्त फाट्यावर. म्हणून ट्रक निघायच्या आदल्या दिवशी विनोदनं आपला फोन घरोघर फिरवला होता. प्रत्येक आईनं लेकरासाठी दोन शब्द बोलायचे, ते कम्प्युटरवर ठेवायचे, आणि वायफायच्या डब्यावरून ज्यानं त्यानं आपल्या टॅबवर हवे तेव्हा पाहायचे. इंटरनेट लागतच नाही, असं तो साऱ्या तांड्याला छाती फुगवून सांगून बसला होता. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!

एकदा फडावर गेलेलं पोर पुन्हा वर्गात बसत नाही. सात वर्षांत त्यानं अशी नऊ पोरं गमावली होती. आता दहावी रीता. त्याला रडू येत होतं, आणि कम्प्युटरला लाथ घालावीशीही वाटत होती.

मग चूक सापडली. प्रत्येक व्हिडिओचा पत्ता त्यानं कम्प्युटरच्या आतल्या फोल्डरचा दिला होता, आणि टॅब बिचारे तो आपल्याच पोटात शोधत बसले होते. त्यानं बावीसही पत्ते बदलले.

दुपारी वर्गात एकच गलका उठला. सगळ्या आया एकदम बोलायला लागल्या. रीतानं आपल्या नावावर बोट ठेवलं. लाल घुंगट दिसला, त्याखाली बांगड्यांनी भरलेले हात. आवाज नाही. पन्नास सेकंद नुसता घुंगट.

"ही याडी नाई. मह्या आईले तोंड हाये," रीता म्हणाली आणि टॅब पालथा घातला.

विनोदनं टॅब उचलून पुन्हा पाहिला. त्या घरी तो स्वतः गेला नव्हता. घाईत फोन रीताच्या आजोबाच्या, सोमलाच्या हाती दिला होता.

सोमला भिंतीशी उभा होता. "मीच धरला होता फोन," तो म्हणाला. "सासऱ्यापुढं सून तोंड कशी उघडीन? बारा वर्सं झाली, मह्यापुढं बोललीबी नाई."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं, बाबा?"

"ध्यानातच नाई आलं, सर. मले तं थे रोज तशीच दिसते."

विनोदनं मोटरसायकल काढली. म्हातारा मागं बसला. फाट्यावर रेंज आली तसा सोमलानं मुलाला, रीताच्या बापाला, फोन लावला.

"करण, रीतानं तीन दिस झाले ताट सारलं. तिच्या याडीचा व्हिडिओ पुन्हा काढ, फोन तू धर. दुसरं कोनी थांबू देऊ नको तिथं. अन् तिले सांग, बुढा पाहात नाई."

तासभर दोघं रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले. एकदाचा व्हिडिओ आला.

दिवस कलताना विनोदनं तो कम्प्युटरवर चढवला. रीतानं बोट ठेवलं, आणि एका बाईचा खणखणीत आवाज वर्गभर घुमला. ती तांड्याच्या गोरबोलीत रीताला रागावत होती: ताट का सारलं, वेणी कोण घालतं, पाटी कुठंय. मधेच कशाला तरी मोठ्यानं हसली. पुन्हा रागावली.

रीतानं व्हिडिओ दुसऱ्यांदा लावला. टॅबवरून डोळे न काढता तिनं भाकरीसाठी ललिताबाईपुढं हात केला. ललिताबाईनं पदर डोळ्यांना लावला.

"बाबा, या ना, तुमीबी पाहा," विनोद म्हणाला.

सोमला आला नाही. भिंतीकडं तोंड करून, डोक्यावर दुपट्टा ओढून तो बसला होता. बराच वेळ ऐकत राहिला. मग न वळताच त्यानं हळू आवाजात विचारलं,

"इतकं बोलते थे?"