सत्तावन्न जणांचा एकच निकाल

२००७ सालची गोष्ट. सालेकशाकडच्या एका गावातून कलाबाई सकाळच्या पॅसेंजरनं गोंदियाला आली आणि विचारत विचारत कॉम्प्युटरच्या दुकानात पोचली. तिथं काम करणाऱ्या अल्काच्या टेबलावर तिनं दोन कार्डं ठेवली, एक मुलाचं, रत्नपालचं, दुसरं त्याला ठरलेल्या मुलीचं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या, गावात भरलेल्या तपासणी शिबिराची ती कार्डं याच दुकानात छापलेली होती. दोन्हींवर 'वाहक' लिहिलं होतं. दोघंही वाहक, म्हणजे लेकरं रोगी निघायची भीती, म्हणून मुलीच्या बापानं सोयरीक मोडली होती.

"अख्ख्या गावाच्या कार्डावर हेच हाये. सत्तावन लोकायचं रक्त एकसारखं कसं निघन, बाई?"

अल्कानं प्रोग्राम उघडला. तो तिनंच लिहिला होता आणि प्रत्येकाचा निकाल ज्याच्या त्याच्या नोंदीत ठेवला होता. ती रजेवर असताना मालक इंद्रकुमारनं त्यात कार्डं छापायचा एक तुकडा जोडला होता. कुणाचा निकाल हवा ते न सांगताच त्यानं निकाल मागितला, तेव्हा कॉम्प्युटरनं चूक दाखवली. ती चूक गप्प करायला त्यानं 'निकाल'च्या आधी 'स्टॅटिक' लिहून टाकलं. झालं, सगळ्यांना मिळून निकालाची एकच जागा उरली. नवं नाव आलं की आधीचा निकाल पुसला जायचा. यादीत शेवटचं नाव गावातल्या दुधरामचं होतं. तो वाहक, म्हणून सारे वाहक.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. मशीननं सरळ विचारलं होतं, कुणाचा? तेवढं सांगायचेही कष्ट या माणसानं घेतले नव्हते.

इंद्रकुमारला मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. "टेन्शन कायले घेऊन राहिली? प्रिंटिंग मिस्टेक म्हणून सांग अन् नवी देऊन दे."

"प्रिंटरची चूक नाही, सर. तुमची आहे. तसं लिहून सही करा."

त्यानं सही केली नाही. अल्कानं शिबिराच्या मूळ यादीवरून कार्डं छापली, चूक कशी झाली ते स्वतःच्या सहीनं लिहिलं आणि कलाबाईबरोबर दुपारची गाडी धरली.

रत्नपाल निरोगी निघाला, वाहकसुद्धा नव्हता. पण गावातल्या सुखरामची सहा वर्षांची मुलगी वाहक नव्हती, रोगी होती. कार्ड पाहून, वाहकाला आजार नसतो म्हणून, आईनं तिला दवाखान्यात नेणंच थांबवलं होतं. त्या माउलीसमोर अल्काला मान वर करवेना.

रत्नपालला ठरलेल्या मुलीच्या बापानं कागद दोनदा वाचला, आणि आता दुसरीकडं शब्द दिल्याचं सांगितलं. कलाबाई रत्नपालचं नवं कार्ड घेऊन उठली.

अल्कानं तोच कागद शिबिर भरवणाऱ्या संस्थेला दिला. दुकानाचं काम गेलं, पाठोपाठ तिची नोकरीही. शेवटचा पगार घेतानाही इंद्रकुमार म्हणत होता की एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला. अल्कानं पैसे पिशवीत टाकले. सुखरामच्या मुलीला त्याच सोमवारी गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं, तिकडं ती निघाली.