पाणी न मागणारी बाग

"तू गेलीस तर कुंड्यांना पाणी कोण घालणार?" बाबांचं हे एकच पालुपद. मैत्रिणीने तिच्या गावी झाडांच्या नर्सरीत माझ्यासाठी कामाची जागा धरून ठेवली होती, पण तीही कुठवर वाट बघणार? आमच्या परसात मातीचा पत्ता नाही, नुसता कातळ. म्हणून सगळी झाडं कुंड्यांत, आणि कुंड्यांना दोन्ही वेळा पाणी. म्हटलं, थांबा, हे निमित्तच मुळासकट उपटते.

कुंड्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या आणि पहार घेतली. हाताला फोड आले तरी हटले नाही. कातळाच्या भेगांत खडी-वाळू भरून कोरफड, निवडुंग, घायपात लावले. काळ्या दगडांमधून पांढऱ्या गोट्यांचा कोरडा ओढा वळवत वळवत मागच्या दारापर्यंत आणला. अहाहा, काय दिसत होता! पंधरा दिवसांनी एकदा तांब्याभर पाणी, बास. बाबा नुसतं "हं" म्हणाले. मी मैत्रिणीला कळवलं, येते.

बॅग भरायला काढली आणि कोरफड पिवळी पडली. मग निवडुंग बुडाशी मऊ झाला. काडी टोचली तर आतच गेली. खडी उकरली, खाली पाणी तुंबलेलं! मी तर थेंब घातला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीतून पाहिलं, तर बाबा बादली ओतत होते.

"बाबा! कुजताहेत ती!"

"होय का? मला वाटलं, तहानली असतील."

जन्मभर झाडं वाढवलेला माणूस वेड पांघरून पेडगावला निघाला होता! माझं डोकंच फिरलं. हाताला येईल ते रोप उपटून फेकलं. "आता घाला दगडांना पाणी! मी उद्या निघाले!"

बाबा उंबऱ्यावर बसले. ओल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"एकट्याला भीती वाटते गं मला," ते म्हणाले.

इतकी वर्षं कुंड्यांचं नाव पुढे केलं, स्वतःचं एकदाही घेतलं नव्हतं. ते भांडले असते तर मी सुटले असते. आता कशी जाऊ? रडूच आलं, आणि त्यांचा रागही.

मैत्रिणीला फोन लावला, तिने उचलायच्या आत बंद केला. मग परसात जाऊन फेकलेल्यांतली जगतील अशी रोपं वेचायला लागले. बाबा बादली घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"ठेवा ती खाली," मी खेकसले. "पंधरा दिवसांनी मी घालीन."