ताईचा फोन मोकळा ठेवा

परदेशात असताना पूर आला तर काय करावं, हे लोकांना सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. प्रवाशांसाठीच्या मदत कक्षात सूचना मीच लिहिते. वरच्या मजल्यावर जा. वाहत्या पाण्यात उतरू नका, ते घोट्याएवढं दिसलं तरी. बॅटरी जपा आणि घरच्या एकाच माणसाला कळवा. बाकीच्यांनी त्याला विचारावं. खात्री नसलेली माहिती पुढे पाठवू नका. वाक्यं छोटी ठेवते, कारण घाबरलेला माणूस लांब वाक्य वाचत नाही. न घाबरलेलाही वाचत नाही म्हणा.

या खेपेला पुरात अडकली ती माझीच मोठी बहीण. ताई कंपनीच्या प्रशिक्षणासाठी परदेशात एकटीच गेली होती. नदी बघता बघता शहरात शिरली, गेस्ट हाउसचा तळमजला बुडाला, वीज गेली आणि ताई तिसऱ्या मजल्यावर राहिली. तिला पोहता येत नाही. तिथल्या बचाव पथकाची पद्धत अशी, की बोट जवळ आली की आधी फोन करायचा. मग आतल्या माणसाने खिडकीतून कापड हलवायचं. फोन लागला नाही, तर बोट पुढच्या इमारतीकडे जाते. म्हणजे ताईचा फोन चालू हवा आणि मोकळाही हवा.

हे मी घरी सगळ्यांना बसवून समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मावशीने ताईला फोन करून सांगितलं, की बाई गं, फोन अजिबात वापरू नकोस. बॅटरी किती उरली हे विचारायला मामाने फोन केला. मामा सारखा फोन करतोय, ही तक्रार करायला आत्याने केला. आई म्हणाली, "मी कुठे बोलतेय, नुसता आवाज ऐकते," आणि बराच वेळ आवाज ऐकत बसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात ताईचा मेसेज आला. "आवर यांना. बॅटरी संपत आलीय."

मी आवाज चढवला. आता कोणीही फोन करायचा नाही, ताई एकालाच कळवेल. तो एक मी होऊ शकत नव्हते, कारण कक्षात स्वतःचा फोन आत नेता येत नाही. मग कोण, यावरून जुंपली. मी काकांचं नाव घेतलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जन्म तारमास्तरकीत गेला; तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, तेव्हा शब्द वाचवायची खोड तिथेच लागली. घरात त्यांना मौनीबाबा म्हणतात. आणखी वाढू का विचारलं, तर ते नुसता हात आडवा धरतात. या घरात स्वतःहून फोन न करणारा तो एकच माणूस होता.

"नको," आई म्हणाली. "त्यांच्या तोंडून नको."

"अगं, का?"

"तुझे बाबा गेले, ते यांनीच सांगितलं मला. चपलासुद्धा न काढता दारात उभे राहिले आणि एक शब्द बोलले. अजून हे दारात दिसले की मी आधी यांच्या पायांकडे बघते." मग तिला काका समोरच बसलेले आठवले. "राग मानू नका, भाऊजी."

काकांनी मान हलवली आणि पेपर जरा वर धरला. मी माझंच खरं केलं. आईने तिचा फोन कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्या हातात आपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर फोन, बाजूला साय धरलेला चहा. "काही?" म्हटलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. आई आतल्या खोलीत पलंगावर बसून होती. ती सकाळपासून बाहेर आली नव्हती.

फोन उजळला. मी काकांच्या खांद्यावरून वाचलं. एकच शब्द होता, "बोटीत". काकांनी उलट फोन लावला, तर ताईचा बंद.

"जा, सांगा," मी म्हणाले.

काका उठले. आतल्या दाराशी थांबले, पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या, आणि आत जाऊन आईशेजारी बसले. आईने डोळे घट्ट मिटले होते.

"वहिनी, पोरगी बोटीत बसली. सुखरूप आहे," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते थांबेनात. "नारिंगी जॅकेट दिलंय घालायला, जरा सैलच होतंय तिला. शेजारच्या बाईने हात धरून ठेवलाय. पाय तेवढे भिजलेत, बाकी कोरडी आहे. आईला सांगा म्हणाली, मी खाल्लंय."

आईने डोळे उघडले. "काय खाल्लं?"

"बिस्किटं."

"नुसती बिस्किटं?"

काकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

खात्री नसलेली माहिती पुढे पाठवू नका, हे वाक्य माझं आहे.

"चहापण दिला, आई," मी म्हणाले. "गरम होता."