काउंटरचं पोट

करवतीचे दात फळीला टेकले होते, तेवढ्यात ताईने पात्यावर तळहात ठेवला.

"मिस्त्री, थांबा."

मिस्त्रींनी करवत उचलली, खिशातून चौघडी कागद काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मला काय, ताई. कागद आला, पोट कापून काउंटर सरळ करा म्हणून. खाली धाकट्या साहेबांची सही आहे. तुम्ही सांगत असाल तर नाही कापत. पण मग दुसरा कागद आणा."

ताईने कागद वाचला, पुन्हा चौघडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "हा माझ्याकडे राहू दे. तुम्ही चहा घेऊन या. दुपारी चारपर्यंत या फळीला हात लावायचा नाही."

पोट म्हणजे काउंटरचं पोट. मिस्त्रींपासून मालकांपर्यंत सगळे त्याला हेच म्हणत. बावीस फुटांचा कापडाचा काउंटर सरळ यायचा, मधोमध एकदम गिऱ्हाइकाच्या अंगावर पुढे यायचा, थोडं अंतर तसाच जायचा आणि परत मागे सरकून सरळ व्हायचा. जेवून तृप्त झालेला माणूस आडवा पडलेला दिसावा तसं. आप्पांच्या, म्हणजे ताईच्या वडिलांच्या, पहिल्या दुकानात हे पोट होतं. ताईने पंधरा वर्षांत चार शहरांत चार दुकानं उघडली, त्या चारही दुकानांत होतं. आणि आता या पाचव्या, तीन मजली, सगळ्यांत मोठ्या शहरातल्या दुकानात, उद्घाटनाला नऊ दिवस उरले असताना, ते कापायला निघाले होते.

नव्या माणसांना कामावर घेतलं की ताई त्यांना आधी पोटापाशी उभं करायची. तिने स्वतः लिहिलेल्या 'दुकानाची पद्धत' या पुस्तिकेत अकरावं कलमच होतं: काउंटरला पोट हवेच. मग ती समजावून सांगायची. सरळ काउंटरवर गिऱ्हाइकं शेजारी शेजारी उभी राहतात, एकमेकांकडे बघत नाहीत. पोटाशी ती समोरासमोर येतात. एकीने उलगडलेलं कापड दुसरीच्या डोळ्यांत भरतं. पोटात उभ्या असलेल्या विक्रेत्याला दोन्ही टोकं दिसतात. आप्पांनी हे पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं होतं, असं ती ठासून सांगायची, आणि ऐकणारी पोरं माना डोलवायची.

आप्पांनी स्वतः मात्र याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही म्हणतात. आप्पा या म्हणीला अपवाद होते. कापडाचा तागा गिऱ्हाइकासमोर टाकायचे आणि गप्प बसायचे, गिऱ्हाईक आपणहून कापड फाडून मागायचं. घरीही तसेच. ताई सहा वर्षांची आणि धाकटा भाऊ दोनचा असताना त्यांची आई गेली, त्यानंतर तर आप्पांकडे बोलायला कामापुरतेच शब्द उरले. "नजरेत मावेल तेवढं दुकान पुरे," एवढं म्हणून त्यांनी दुकानं वाढवायला ना हो म्हटलं ना नाही. चारही नव्या दुकानांपैकी एकाचीही पायरी ते चढले नव्हते. ताईने बोलावणं सोडून दिलं होतं. एकदा तरी त्यांनी येऊन 'बरं केलंस' म्हणावं असं तिला वाटायचं, पण हे ती स्वतःशीसुद्धा फार मोठ्याने कबूल करत नसे.

ती जिना चढून दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत शिरली. धाकटा आणि त्याने आणलेला सल्लागार नकाशा पसरून बसले होते. सल्लागार तिला बघून उठला. माणूस सभ्य होता, हीच अडचण होती.

"हे तुझ्या परवानगीनं झालं?" ताईने पर्समधला कागद टेबलावर ठेवला.

"ताई, बस ना."

"उभीच बरी आहे. मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू पंधरा मिनिटं पोटाचं पुराण सांगितलं असतंस," धाकटा म्हणाला. "मला ते पाठ आहे. आधी यांचं ऐक."

सल्लागाराने हलक्या आवाजात सांगितलं. पोटाच्या मागे सात-आठ चौरस फूट जागा उरते, तिथे काहीच ठेवत नाहीत. पुढे तेवढीच वाट अडते, लोकांना वळसा घालावा लागतो. चारही दुकानांत त्यांनी महिनाभर माणूस उभा करून मोजलं होतं. पोटाशी होणारी विक्री इतर ठिकाणच्या विक्रीइतकीच भरली. कमी नाही, जास्तही नाही.

"तुम्ही मोजलंत ते बरोबर असेल," ताई म्हणाली. "पण मी पंधरा वर्षं काउंटरमागे उभी आहे."

"म्हणूनच विचारतोय, मॅडम. कारण कळलं तर आम्ही ते नकाशात घेऊ. आत्तापर्यंत फक्त 'असतं म्हणून आहे' एवढंच सापडलंय."

धाकट्याने पेन खाली ठेवलं. "ताई, सरळ सांगतो. चार वाजेपर्यंत मला लेखी एक कारण दे. पटलं तर पोट राहील, आणि पुढच्या दुकानांचे नकाशे तूच करशील, नेहमीसारखे. नाही पटलं तर सहाव्या दुकानापासून ते काम यांच्याकडे जाईल. तू माल बघ, माणसं बघ. तिथे तुझा हात कोण धरणार आहे?"

"हा उंटावरचा शहाणा मला दुकान शिकवणार," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सल्लागाराने तिच्यासाठी खुर्ची ओढून धरली होती, मग ती नुसतीच बाहेर पडली.

खाली येऊन तिने अर्धं पान भरून कारणं लिहिली. अक्षर चांगलं काढलं. मग सल्लागाराच्या जागी बसून स्वतःच एकेक वाचलं. समोरासमोर उभं राहायला काउंटर काटकोनात वळवला तरी चाललं असतं. दोन्ही टोकं दिसायला विक्रेता दोन पावलं मागे सरकला की झालं. सगळी कारणं खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. राहता राहिली एक आठवण: जुन्या दुकानात आई नेहमी पोटातच उभी राहायची. हातात मोठी कात्री, केसांवर सुताचे धागे. दुकानातली सगळ्यांत चांगली विकणारी बाई तिथे उभी राहायची, त्या अर्थी ती जागा मोक्याची असणार. ताईचं सगळं शास्त्र मुळात या एवढ्या आठवणीवर उभं होतं. ते कागदावर लिहायची सोय नव्हती.

तिने फोन उचलला. इतक्या वर्षांत तिने आप्पांना धंद्यातलं काही विचारलं नव्हतं. आपलं आपल्याला जमतं, हे दाखवण्यातच सगळा काळ गेला होता.

"आप्पा, आपल्या काउंटरला पोट का ठेवलं होतंत?"

पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.

"कोण विचारतंय?" आप्पा म्हणाले.

"कापायला निघालेत. कारण मागतात."

"येतो," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन तासांचं अंतर होतं. ते साडेतीनला आले. ड्रायव्हरने दार उघडायच्या आधीच उतरले, काठी गाडीतच विसरले. दारातल्या मांडणीवरचं पडद्याचं कापड त्यांनी चिमटीत धरलं, चोळलं आणि सोडून दिलं.

"धुतल्यावर आटेल."

"दोन टक्के. चिठ्ठीवर लिहिलंय, आप्पा."

"लिहिलंय ते बरं केलंस."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलेलं 'बरं केलंस' पडद्याच्या कापडावर खर्च झालं. ताईला हसू आलं, पण तिने ते गिळलं आणि त्यांना काउंटरपाशी नेलं. मिस्त्री चहा पिऊन केव्हाचे परत आले होते आणि करवत मांडीवर घेऊन बसले होते. आप्पांनी वर मजल्यांकडे बघितलं नाही, दिव्यांकडे बघितलं नाही. सरळ काउंटरच्या मागे गेले, पोटात उभे राहिले. उजवा पंजा फाकवला आणि वितीने मोजू लागले. एक, दोन, तीन. लांबी झाली, मग खोली मोजली. पुन्हा एकदा मोजली.

"लहान झालंय," ते म्हणाले.

"काय?"

"सहा विती होतं. हे पाच पण नाही. आत तीन विती होतं, हे दोन आणि चार बोटं." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "यात पाळणा मावायचा नाही."

ताईच्या हातात कारणांचा कागद होता. तो तिने हळूच काउंटरवर ठेवला.

"कुठला पाळणा?"

"तुझा."

आप्पांनी काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकले. गिऱ्हाइकासमोर उभं राहावं तसे उभे राहिले, आणि कापडाच्या किमतीसारखं, चढउतार न करता, सांगितलं.

"मी मालासाठी गावोगाव हिंडायचो. दुकान तिच्या एकटीवर. घरात दुसरं माणूस नाही. तू तीन महिन्यांची. काउंटरमागे पाळणा ठेवला तर तिला हलायला जागा उरेना. मग काउंटरच पुढे ओढून घेतला. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, हातात कात्री. गिऱ्हाईक कुरकुरायचं, हे मध्येच काय आलंय. ती म्हणायची, वळसा घालून या, पोर झोपलंय."

जिन्यावर पावलं वाजली होती आणि मध्येच थांबली होती. चार वाजले म्हणून धाकटा आणि सल्लागार खाली येत होते. धाकटा शेवटच्या पायरीवर उभा होता.

"आणि मी?" त्याने विचारलं.

आप्पांनी मान वळवली. "तूही त्याच पाळण्यात. दुकानावरची खोली व्हायला उशीर झाला. तू लाथा फार मारायचास. जुन्या काउंटरच्या आतल्या फळीला दोन तडे आहेत, जाऊन बघ."

ताई पोटाच्या आतल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. पंधरा वर्षं धंद्याचं गुपित म्हणून आपण जे गावोगाव घेऊन फिरलो, ते आपलंच अंथरूण निघालं. आणि तेही नीट सांभाळता आलं नाही. प्रत्येक शहरात कोणीतरी म्हणालं, ताई, चार बोटं कमी करू का, आणि तिने म्हटलं, करा, तेवढ्यानं काय होतंय. आईची जागा तिने स्वतःच थोडी थोडी कापत आणली होती. ही गोष्ट तिला करवतीपेक्षा जास्त लागली.

आप्पांनी काउंटरवरचा कागद उचलला, हात लांब करून वाचला. अर्धं पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे सगळं खरं आहे," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं, एवढंच."

"आप्पा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तरी तेव्हा सांगता आलं नसतं." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, परत दिला नाही. मग मिस्त्रींकडे वळले. "आता काय, पोरं मोठी झाली. करा सरळ. तुमचा खोळंबा नको."

मिस्त्री उठले. त्यांनी आधी धाकट्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने पदराने काउंटरवरचा भुसा पुसला. असा भुसा पुसला की तिचं ठरलेलं असतं, हे चार दुकानं तिच्याबरोबर उभी केलेल्या मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी करवत खाली ठेवली.

"मिस्त्री, हे पोट काढा," ती म्हणाली. "आणि नवीन करा. सहा विती लांब, तीन विती आत. एक बोटही कमी चालणार नाही. नऊ दिवसांत होईल?"

"चार दिवसांत होईल."

"बाकीच्या चार दुकानांतही करायचंय. एकेक करून."

सल्लागाराने वही उघडली होती. तो खरंच गोंधळला होता. "म्हणजे वाढवायचं? मॅडम, मला अहवालात काहीतरी लिहावं लागेल. कारण काय लिहू?"

ताईने तोंड उघडलं, पण उत्तर जिन्यावरून आलं.

"लिहा," धाकटा म्हणाला, "माप चुकलं होतं."

त्याने खिशातून पेन आणि ताईने वर टेबलावर ठेवलेला तो चौघडी कागद काढला, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने खाली सही केली.

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली, फळीवर वाकले आणि पुन्हा सरळ झाले.

"ताई, वीत कुणाची धरू? माणसामाणसात फरक पडतो."

ताईने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी शर्टाची बाही वर सारली, उजवा पंजा कोऱ्या फळीवर ठेवला आणि जमेल तेवढा फाकवला.

"धरा," ते म्हणाले.