सुया हातात असेपर्यंत

माझा नवरा मला मारायचा, पण माझ्या हातात विणकामाच्या सुया असल्या की मारायचा नाही. हा शोध मला योगायोगाने लागला आणि त्याच्या जोरावर मी जवळजवळ सगळा हिवाळा काढला.

शेखर सिन्नरच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. इस्त्रीची घडी वाकडी बसली तरी डोकं फिरणारा माणूस. समोर मी त्याला अहो-जाहो करायची आणि मनात अरे-तुरे. इथे मनातलंच सांगते. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत त्याच्याइतकं गोड बोलणारं दुसरं कुणी नाही. शेजारच्या आजोबांचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून देईल आणि घरात येऊन वरणात मीठ कमी म्हणून माझं डोकं ओट्यावर आपटेल. गणपतीत त्याने माझं मनगट पिरगाळून मोडलं. लोकांना मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. इतक्या वेळा मी त्या बाथरूममध्ये घसरलेय की लोकांनी बिल्डरवर केस करायला हवी होती.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, बोटांना काम द्या. खालच्या मजल्यावरच्या जहिदाआपा दुपारभर गॅलरीत विणत बसतात. शाळेत मी सुलट-उलट शिकले होते, बाकीचं आपांनी शिकवलं. बॉर्डर अकरा नंबरच्या सुयांवर, अंग नऊ नंबरच्या, आणि मधोमध जाणारी वेणीची नक्षी. ती वेणी जमली त्या दिवशी मी खूप दिवसांनी स्वतःवर खूश झाले. स्वेटर शेखरसाठीच विणायला घेतला होता, कारण दुसऱ्या कुणासाठी घेतला असता तर त्याने लोकर गॅसवर धरली असती. त्याने कंपनीत सगळ्यांना सांगून टाकलं, बायको हाताने विणतेय म्हणून.

एका संध्याकाळी तो आला तो तापूनच. शिफ्टवर काहीतरी बिनसलं होतं. पट्टा काढून हातावर गुंडाळला तेव्हा मी सोफ्यावर विणत बसले होते. घाबरून मी सुया छातीशी धरल्या आणि ओरडले, "अहो, टाके गळतील!"

"गळले तर काय होतं?"

"एक टाका गळला की सगळा स्वेटर उसवतो. पहिल्यापासून करावा लागेल."

धादांत खोटं. गळलेला टाका क्रोशाच्या सुईने चुटकीसरशी उचलता येतो. पण शेखरला हे कुठून माहीत असणार? त्याने स्वेटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टा परत कमरेला लावला. "झाला की बघतो तुझ्याकडे," म्हणाला.

त्या दिवसापासून खाली त्याची गाडी वाजली की मी सुया उचलायची. ताट वाढलं की सुया, भांडी घासून झाली की सुया. पोळी करपली, झाला की बघतो. आईला फोन जास्त वेळ केला, झाला की बघतो. त्याचं ते बघणं साचत चाललं होतं, मला कळत होतं. म्हणून स्वेटर पुरा होऊच द्यायचा नाही असं मी ठरवलं. गळा वाकडा आला म्हणून उसवायचा. बाही आखूड झाली म्हणून उसवायची. तो स्वतःच इतका काटेकोर की त्याला संशय येण्याऐवजी बरंच वाटायचं.

उसवून उसवून लोकर विरली, तेव्हा मेन रोडवरच्या दुकानात गेले. लोकरीच्या गोळ्यावर कागदी पट्टी असते आणि तिच्यावर लॉट नंबर. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात, उन्हात धरले की फरक कळतो. दुकानदार बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "ताई, तुमचा लॉट संपला, हा दुसरा आहे, उठून दिसेल बरं का." मी म्हटलं, हाच द्या. बाही पुरी केली, शेखरने सकाळी गॅलरीत नेऊन बघितली आणि दात ओठ खाऊन म्हणाला, "उसव." मी आनंदाने उसवली. त्या दिवशी मी गाणं गुणगुणत भांडी घासली.

आपांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. आज त्या लाजेचाच सगळ्यात जास्त राग येतो. त्यांना वाटायचं, पोरीचा हात बसत नाही, लोकर निवडायची अक्कल नाही.

चुलतभावाच्या साखरपुड्याला मी सायखेड्याला माहेरी गेले. शेखरला सुट्टी नव्हती. स्वेटरची पिशवी घरी ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून आपांकडे ठेवली. माहेरी आईला सांगायचं असं पक्कं ठरवलं होतं. सांगायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "तुझ्या नवऱ्यासारखा जावई साऱ्या गावात नाय. सकाळीच फोन करून माझ्या गुडघ्याचं विचारलं." मी तोंड मिटलं.

परत आले ती दिवेलागणीला. जिन्यातच आपा भेटल्या, चेहरा नुसता फुललेला. "योगिनी, तुझा लॉट मिळाला गं! पंचवटीतल्या दुकानात जुना माल पडला होता, मी पट्टी घेऊनच गेले होते. बाही केली, बाजू शिवल्या, गळाही केला. आत्ताच शेखरभाईंना देऊन आले. इतके खूश झाले, क्या बताऊँ!"

त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. "थँक्यू आपा," म्हणाले आणि वर गेले. पिशवी त्यांच्याकडेच राहिली, आणि सुया तिच्यात.

दार शेखरनेच उघडलं, पायात अजून कंपनीचे बूट होते. स्वेटर सोफ्याच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवला होता. त्याने माझ्यामागे कडी लावली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि हसला.

"आता तुझे हात मोकळे झाले," म्हणाला.

पहिला फटका कानावर बसला. कान बधिर झाला आणि टीव्ही एकाच बाजूने ऐकू यायला लागला. मग पट्टा. पाठीवर, मांडीवर, पुन्हा पाठीवर. प्रत्येक फटक्याला तो कारण सांगत होता, आणि सगळी कारणं त्याला तोंडपाठ होती. ती करपलेली पोळी. तो आईचा फोन. न चुकता, पुढचं मागे न करता. मी स्वयंपाकघरात पळाले तर त्याने केस धरून ओट्याच्या कडेवर तोंड आपटलं. दात हलला, तोंडात रक्ताची खारट चव आली. खाली पडले तसा त्याने माझ्या उजव्या हातावर बूट ठेवला आणि हळूहळू वजन टाकत गेला. बोटातून काड्या मोडल्यासारखा आवाज आला. मी किंचाळले. त्याने टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

मग तो दमला. पाणी प्यायला, केस विंचरले. माणूस म्हणून मला त्याची किळस आली ती त्या केस विंचरण्याने. बाहेरून स्वेटर घेऊन आला आणि म्हणाला, "ऊठ. फोटो काढ माझा. ग्रुपवर टाकायचाय."

मी डाव्या हाताने ओटा धरून उठले. त्याने दोन्ही बाह्यांत हात घातले, हात वर केले आणि डोकं आत घातलं. डोकं बाहेर आलंच नाही. आपा टाके फार घट्ट बंद करतात. त्यांनी केलेल्या गळ्यातून लहान मूलही रडल्याशिवाय निघत नाही. शेखर हात वर करून, तोंड लोकरीत झाकून, स्वयंपाकघराच्या मधोमध उभा होता. पोट उघडं पडलं होतं.

"ओढ की खाली!" आतून ओरडला. "आंधळी झालीस का, योगे? ओढ!"

ओट्यावर लोखंडी बत्ता होता. मी तो डाव्या हातात घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर मारला.

तो असा ओरडला की टीव्ही ऐकू येईना. खाली कोसळला. मी दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. हात तसेच वर अडकलेले, त्यामुळे त्याला काही झाकताही येत नव्हतं. मग कोपरावर, खांद्यावर, फासळ्यांवर. एक फासळी आत गेलेली मला बत्त्याच्या दांड्यातून कळली. मी कारणं सांगितली नाहीत. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तो "नको, नको" म्हणत होता आणि लोकरीतून ते अगदी बारीक ऐकू येत होतं.

दार कुणीतरी बडवत होतं. पुष्कळ वेळ बडवत असावं. मी कडी काढली. आपांनी माझं तोंड पाहिलं, माझा हात पाहिला, जमिनीवर तडफडणारा तो पाहिला, आणि मी न सांगितलेलं सगळं त्यांना तिथेच कळलं. कपाळावर हात मारून घेतला त्यांनी.

"या अल्ला, मी काय केलं!" मग एकदम सावध झाल्या. "बत्ता टाक. टाक म्हणते ना! त्याचा श्वास अडकलाय बेटा, मरेल तो."

खरंच, शेखर घरघरायला लागला होता. तोंडाशी लोकर आत-बाहेर होत होती. आपांनी ड्रॉवरमधली कात्री काढली आणि गळ्याला लावली.

"नका कापू!" मी ओरडले आणि मला रडू फुटलं. पट्ट्याखाली रडले नव्हते, बोटं मोडली तेव्हा रडले नव्हते.

आपांनी मान वर केली. "अजून माया आहे त्याच्यावर?"

"त्याच्यावर नाही, आपा. ती वेणी मी घातलीय. तेवढंच एक माझं चांगलं झालं होतं."

मी डाव्या हाताने कात्री मागून घेतली आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले. गळ्यातून सुरुवात केली. डाव्या हाताने नीट कापता येत नव्हतं, लोकर चावल्यासारखी तुटत होती. वेणी मधोमध फाटत खाली आली. त्याचा चेहरा बाहेर आला, निळसर, घामाने चिंब, तोंडात लोकरीचे धागे. हवा ओढत त्याने डोळे उघडले. आधी मी दिसले, मग माझ्या हातातली कात्री. त्याने मान फिरवली आणि डोळे गच्च मिटून घेतले. त्याच्या गळ्यावर शीर उडत होती, कात्रीच्या टोकापासून बोटभर अंतरावर.

तो मला घाबरला होता. आणि मला ते फार आवडलं. त्यालाही असंच आवडत असणार, हे त्याच क्षणी मला कळलं. म्हणून आधी कात्री आपांच्या हातात दिली, आणि मग पोलिसांना फोन लावला.