पोट आत ओढून दिलेलं माप

कामाच्या प्रत्येक ठिकाणी एक कागद असा येतो, की तो वाचायचा नसतो, त्यावर नुसती सही करायची असते. तुमच्याकडेही येत असेल. त्या टेलरिंगच्या दुकानात तो वर्षातून एकदा यायचा आणि नेमका जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं यायचा. भुकेला माणूस प्रश्न विचारत नाही, हे विमा एजंटला चांगलं ठाऊक होतं. तो फॉर्मांचा गठ्ठा कटिंगच्या टेबलावर ठेवायचा. सही जिथे करायची तिथे त्याने आधीच पेन्सिलने बारीक फुली मारलेली असायची. फुली शोधायची, सही ठोकायची आणि हात धुऊन डबा उघडायचा. दुकानातल्या नऊही जणांना त्या फुलीचं भारी कौतुक होतं. माणूस किती काळजी घेतो, असं ते एकमेकांना सांगत.

या नऊ जणांत सगळ्यांत जुने कटिंग मास्तर. गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलेल्या मापावर त्यांनी जन्मात कधी कात्री चालवली नाही. खुद्द मालकाच्या मेव्हण्याने एकदा फोनवर कंबर सांगितली, तर मास्तरांनी त्याला दुकानात बोलावून आरशासमोर उभं केलं होतं. दोनदा मोजायचं आणि एकदा कापायचं, हा त्यांचा धर्म. पण कापडाच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा माणूस कागद पुढे आला की एकदम उदार व्हायचा. न वाचता सही करणारा पहिला हात त्यांचाच असायचा.

या वर्षी मास्तर त्या कागदाची वाटच बघत होते. आतापर्यंतची पॉलिसी फक्त कामगारांपुरती होती, आता घरच्यांनाही घेणार होते. मास्तरांच्या बायकोला सहा वर्षांपासून शुगर होती. त्यात दोन महिन्यांपूर्वी पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली आणि ती जखम काही केल्या भरत नव्हती. वेळ पडली तर दवाखान्यात दाखल करावं लागेल, असं डॉक्टर बोलून गेले होते.

एजंटने त्यांना बाजूला घेऊन धीर दिला होता. शुगरचं लिहायचंच नाही. लिहिलं की हप्ता वाढणार, वर कंपनी त्या आजाराच्या खर्चासाठी दोन वर्षं थांबा म्हणणार. आणि घरी येऊन बघतंय कोण? मास्तरांना तेवढंच हवं होतं. घरी जाऊन त्यांनी बायकोच्या तपासण्यांची फाइल माळ्यावर जुन्या बॅगेखाली सरकवली आणि पॉलिसी हातात येईपर्यंत तपासणीचा नवा कागद कुठे होऊ द्यायचा नाही, असं तिला बजावलं.

ठरल्या दिवशी एजंट आला. आठ सह्या झटपट झाल्या. नववा फॉर्म काजं-बटणं करणाऱ्या मावशींचा. या मावशी म्हणजे दुकानातल्या जुन्या इस्त्रीवाल्याची बायको. तो गेल्यावर त्याच दुकानात खिडकीशी बसून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली होती. मावशींनी फॉर्म घेतला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. डबे उघडायचे थांबले.

“मावशी, फुली दिसत नाही का?” एजंट हसत म्हणाला.

“फुली दिसते की. फुलीच्या वरचं वाचतेय.”

तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे आजारांची यादी होती आणि प्रत्येकापुढे छापल्यासारखी एकच खूण होती, ‘नाही’. रक्तदाब, नाही. मधुमेह, नाही. दमा, नाही. मावशी रोज सकाळी सगळ्यांदेखत रक्तदाबाची गोळी घेत. त्यांनी फॉर्म घडी न घालता तसाच परत सरकवला आणि यावर सही करणार नाही, असं शांतपणे सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. नऊच्या नऊ जणांनी घेतली तरच हप्त्यात सूट, अशी अट होती. मालक म्हणाले, एकीच्या हट्टापायी आठ जणांचं नुकसान. शिलाईवाले कुजबुजले. सगळ्यांत जास्त भडकले मास्तर.

“माझ्या घरात दुखणं आहे, मावशी. तुमचं हे शहाणपण मला परवडणार नाही.”

“माझ्याही घरात होतं,” मावशी म्हणाल्या आणि सुई ओवायला लागल्या. एजंटने, संध्याकाळी कोटाच्या ट्रायलला येतोच आहे, तोवर यांना समजवा, असं मालकांना सांगून काढता पाय घेतला.

त्या कोटाची गंमत सांगायला हवी. माप देताना एजंटने पोट आत ओढलं होतं. मास्तरांनी तीनदा सांगितलं, पोट सोडा, श्वास घ्या. तो म्हणे असंच असतं माझं. शेवटी मास्तरांनी वैतागून तेच माप धरलं, मात्र शिवणीत आतल्या बाजूला दीड इंच कापड राखून ठेवलं. आता संध्याकाळी कोट चढवून स्वारी आरशासमोर उभी राहिली. झकास बसला होता. एजंट खूश झाला आणि मावशींच्या फॉर्मचं काय झालं ते विचारत स्टुलावर टेकला. टेकला मात्र, मधलं बटण सुटलं आणि टेबलावरून उडी मारून थेट मावशींच्या पायाशी जाऊन पडलं.

सगळं दुकान हसलं. मास्तर नाही हसले, त्यांना कोटाचा राग आला होता. “तीनदा म्हटलं होतं, पोट सोडा. कोट काय नुसता आरशासमोर उभं राहायला शिवतात? माणूस कधीतरी बसणार की नाही?”

मावशींनी बटण उचललं.

“मास्तर, मग वहिनींचं माप असं का देताय?”

मास्तर कोट सोडून त्यांच्याकडे वळले.

“आज उभ्या उभ्या फॉर्म छान बसेल. हप्ताही कमी येईल. पण ज्या दिवशी वहिनींना दवाखान्यात न्याल, त्या दिवशी कंपनी पहिल्यांदा विचारणार, शुगर कधीपासून? डॉक्टरांच्या कागदावर सहा वर्षं आणि तुमच्या फॉर्मवर नाही. मग काय सांगाल? एजंटने फुली मारली होती म्हणून?”

मग त्यांनी आपला बटणांचा डबा उघडला. तळाशी चार घड्यांचा एक कागद होता. तो त्यांनी टेबलावर पसरला. त्यांच्या नवऱ्याच्या उपचारांचा खर्च विमा कंपनीने नाकारला होता, त्याचं ते पत्र. इस्त्रीवाल्याला रक्तदाब होता, फॉर्मवर ‘नाही’ होतं. माहिती लपवली, सबब दावा नामंजूर, एवढंच दोन ओळींत लिहिलेलं. एजंट तेव्हाचा दुसरा होता, पेन्सिलची फुली मात्र हीच.

“कंपनीला शिव्या घालून घालून दमले,” मावशी म्हणाल्या. “पण सही ह्यांची होती. त्या दिवशी ह्यांनी विचारलंही होतं, हे ‘नाही’ कशाला? तर कुणीतरी म्हणालं, कर रे सही, डबा गार होतोय.”

ते कुणीतरी म्हणजे कोण, हे मावशींनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मास्तरांना तो दिवस लख्ख आठवला. शब्द त्यांचेच होते! इतकी वर्षं ही बाई त्यांच्यासमोर बसून काजं करत होती आणि तिने एकदाही तोंडातून ब्र काढला नव्हता. मास्तरांना मान वर करवेना.

मग त्यांनी आपला फॉर्म ओढून घेतला, तिसरं पान काढलं आणि ‘नाही’वर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं, होय, सहा वर्षं. खाली अंगठ्याच्या जखमेचंही लिहिलं. एजंट उठून उभा राहिला. सूट जाईल म्हणाला. हप्ता वाढेल म्हणाला. मंजूरच झाला नाही तर काय कराल, असंही म्हणाला.

“तर ते आज कळेल,” मास्तर म्हणाले. “दवाखान्याच्या दारात कळायला नको. आणि आता पॉलिसीच्या अटींची पुस्तिका काढा. आज ती वाचल्याशिवाय इथून कुणी जाणार नाही. तुम्हीसुद्धा.”

मालकांनी घड्याळाकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि मुकाट्याने खुर्ची ओढून घेतली. मग नव्या इस्त्रीवाल्याने चाचरत विचारलं, माझा दमा लिहू का? एका शिलाईवाल्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं निघालं. सकाळपर्यंत ठणठणीत असलेल्या त्या दुकानात तासाभरात आजारांची रांग लागली. दवाखान्यातल्या खोलीचं भाडं ठरलेल्या रकमेवर गेलं, तर बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते, ही अट पुस्तिकेत सापडली. ती वाचताना एजंटचाही चेहरा पडला. इतकी वर्षं विकत होता, पण वाचत तोही पहिल्यांदाच होता. खोलीभाड्याची अट नसलेली दुसरी पॉलिसी त्याच्याच बॅगेत निघाली. फॉर्म तोच चालणार होता, हप्ता जरा जास्त होता. नऊ जणांनी ती घेतली.

घरी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, गेल्या महिन्यात रक्त तपासायला ती गेलीच नव्हती. कागद होईल म्हणून. मलमपट्टीलाही जात नव्हती, घरीच हळद लावून फडकं बांधत होती. ज्या पायासाठी एवढा आटापिटा, तो पाय ते स्वतःच घालवायला निघाले होते. त्यांनी माळ्यावरची फाइल काढली, धूळ झटकली आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. शुगरसाठी दोन वर्षं थांबावं लागेल, असं कंपनीने कळवलं. तोवर त्या खर्चाचा भार त्यांच्याच खिशावर होता. म्हणून मास्तरांनी डॉक्टरांना स्वस्तातल्या, त्याच गुणाच्या गोळ्या लिहून मागितल्या. विचारायला लाज कसली? अंगठा अडीच महिन्यांनी भरला.

त्यानंतर सहा महिन्यांनी वहिनींच्या पोटात अचानक कळ आली. अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन तातडीचं. दवाखान्याच्या विमा खिडकीवरच्या मुलीने कागद चाळले आणि भुवया उंचावून विचारलं, पेशंटला जुनी शुगर आहे, हे कंपनीला कळवलं होतं का?

मास्तर आयुष्यभर अशा खिडक्यांपुढे वाकून बोलत आले होते. त्या दिवशी ते ताठ उभे राहिले.

“पान तीन काढा, ताई. माझ्या अक्षरात आहे.”

मुलीने पान काढलं. वाचलं. पुढे काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी मंजुरी आली आणि वहिनींना आत नेलं. ऑपरेशन नीट झालं, तेव्हा मास्तरांनी पहिला फोन मावशींना केला.

मंडळी, विम्याचा फॉर्म भरणारा हात एजंटचा असला, तरी भोगणारं शरीर आपलं असतं. एजंट खोटं बोलायला सांगेल, मालक घाई करेल, घरचे लोक चार पैसे वाचवा म्हणतील. सगळ्यांना ठणकावून नाही म्हणा. आजार लपवू नका, कोरा फॉर्म देऊ नका, अटी वाचल्याशिवाय पेनाचं टोपण काढू नका. डबा गार झाला तर परत गरम करता येतो.

त्या दुकानात एजंट अजूनही येतो. कोटाच्या शिवणीत राखलेलं दीड इंच मास्तरांनी मोकळं केलं, आता तो त्यात आरामात बसतो. फॉर्मवर फुली मात्र मारत नाही. आरशाच्या वर मास्तरांनी खडूने एक ओळ लिहून ठेवली आहे, ‘माप देताना पोट सोडून उभं राहावं.’ गिऱ्हाइकं ती वाचून हसतात. मावशी मान वर न करता काजं करत राहतात, आणि खडू पुसट झाला की मास्तर ती ओळ पुन्हा गिरवतात.