मोहाखालचा मुक्काम

सतरा वर्षांच्या संसारात धनराजने बायको-लेकीला हौसेने कुठे नेलं असेल, तर ते भद्रावतीपर्यंत, आणि तेही आतेबहिणीकडे बारसं होतं म्हणून. अशा माणसाने मार्चअखेरच्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकली, ऑनलाइन तंबू मागवला आणि जिवतीच्या डोंगरात दोन दिवस मुक्काम करायचा असं जाहीर केलं, तेव्हा रंजीताच्या मनात पाल चुकचुकली. पण नववीतली पुनम इतकी नाचली की त्या पालीकडे कुणी लक्ष दिलं नाही.

घरात तेव्हा एकच काळजी होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. धनराज जिल्हा परिषदेचा मास्तर. वरोऱ्याजवळच्या शाळेत त्याची दहा वर्षं सुखात गेली होती. यंदा बदली अटळ होती आणि ती डोंगरातल्या अवघड भागात होणार हेही ठरल्यासारखंच होतं. मास्तरला जावंच लागणार. प्रश्न होता रंजीताचा. वरोऱ्यात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं; दोन मशीन आणि हाताखाली एक मुलगी. लग्नसराईत बायका तिच्याकडे नंबर लावून बसत. ते सगळं गुंडाळून नवऱ्यामागे जायचं, की त्याला एकटं पाठवायचं? तिने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा धनराज 'पाहू' म्हणाला आणि पेपरात डोकं घालून बसला. मास्तर लोकांना वर्गात बोलून बोलून घरी बोलायला शब्द उरत नसावेत.

शनिवारी सकाळी जुन्या गाडीत गॅसशेगडीपासून गोधड्यांपर्यंत सगळं कोंबून तिघं निघाले. गडचांदूरपर्यंत सिमेंटच्या ट्रकांमागे धूळ खाल्ली. पुढे घाट लागला आणि हवा बदलली. कशाचंच कौतुक करायचं नाही असं रंजीता ठरवून आली होती. पण एका वळणावर उतारभर बहर सरत आलेला पळस दिसला आणि तीच म्हणाली, थांबवा गाडी. तिने पुनमचा फोटो काढला, मग पुनमने तिचा. धनराज दोघींकडे बघत इतका खूश दिसत होता, जणू पळस त्यानेच लावला होता.

मुक्कामाची जागा त्याला न शोधता सापडली, याचं तिला जरा नवल वाटलं. एका लहान गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, मोहाचं जुनं झाड होतं. त्याखालची जमीन झाडून लख्ख केलेली, काडी नाही की पाचोळा नाही. आल्या-गेल्या पाहुण्यांसाठीच कुणीतरी साफ करून ठेवली असेल, असं धनराज म्हणाला. कापूस-सोयाबीनच्या काळ्या मातीतला माणूस तो. त्याला झाड ओळखता आलं, झाडलेल्या जमिनीचं कारण नाही.

तंबू तीनदा पडला. चौथ्यांदा पुनमने मोबाइलवर पाहून उभा केला आणि बापाला नापास केलं. संध्याकाळी तीन दगडांवर भरलेली वांगी शिजली, गॅसशेगडी गाडीतच राहिली. समोरच्या डोंगरावर ऊन उतरत गेलं तसं रंजीताला वाटलं, किती दिवसांत आपण असं नुसतं बसलो नाही. गिऱ्हाईक नाही, फोन नाही, उद्या द्यायचा ब्लाउज नाही. तिला फार बरं वाटलं. झोपही अशी लागली की उजाडल्यावरच जाग आली.

तंबूवर टप टप काहीतरी पडत होतं. ती बाहेर आली तर सगळीकडे पिवळसर, रसाळ मोहफुलं, आणि थोड्या अंतरावर टोपली घेऊन उभी असलेली एक पन्नाशीची बाई. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने हाक मारली नव्हती, खाकरलीही नव्हती. नाव विचारलं तर मंगली म्हणाली.

हे झाड तिच्या घरचं. सासूच्या आधीपासून याची फुलं तिचंच घर वेचत आलं होतं आणि वेचायला सोपं जावं म्हणून तिनेच जमीन झाडून ठेवली होती. त्या जमिनीवर मधोमध तंबू आणि कडेला गाडी. चाकांखाली चेंगरलेली फुलं पाहून रंजीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कशी मागावी ते सुचेना, म्हणून ती खाली बसून वेचायलाच लागली. पुनमलाही उठवून बसवलं. धनराज तेवढा गावातल्या हातपंपावर पाणी आणायला गेला होता; मंगलीने त्याला जाताना पाहिलं होतं.

मंगलीचा राग असलाच तर तो वेचता वेचता गेला. मग ती सहज म्हणाली, "गुरुजी मागं एकलेच आल्ते, खोली पाहाले. आता घरच्याईले आणलं, चांगलं केलं."

रंजीताचा हात थांबला. "कोणती खोली?"

"शाळेमागची. माह्या दिराचीच हाय. चुना मारून ठेवला ना."

धनराज दोन कॅन घेऊन परतला तेव्हा रंजीता झाडापासून दूर, रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने खोलीचं विचारलं. त्याने कॅन खाली ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. आठ दिवसांपूर्वी त्याने बदलीसाठी पसंतीच्या गावांचा फॉर्म भरला होता, पहिलं नाव याच गावाचं. खोलीही तिघांच्या हिशेबाने पाहिली होती. आधी सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती; एकदा जागा आवडली की सोपं जाईल असं त्याला वाटलं.

"आवडली मले जागा," रंजीता म्हणाली. "म्हणूनच तं एवढा राग येऊन राह्यला."

आणि खरंच तिला रडू येत होतं. कालची ती संध्याकाळ, ते बरं वाटणं, सगळं कुणीतरी आपल्याकडून काढून घेतलं असं तिला वाटत होतं.

"वरोऱ्याचं घर तुमी पाहून आले, मंग मले सांगतलं. पुनमची शाळा ठरवली, मंग सांगतलं. सतरा वर्सांत सांगतलं लय तुमी. इचारलं कधी?"

धनराज आठवू लागला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, म्हणून बराच वेळ आठवत राहिला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. गाडीवाल्याने त्याला रामराम केला, तो परत करायचंही त्याला सुचलं नाही. तो तिथेच दगडावर बसला.

"येशील का तू इथी? माह्यासंगं?"

रंजीताने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, नकारही तयार नाही आणि होकारही. आजवर तिने रुसवे तयार ठेवले होते, टोमणे ठेवले होते, कारण सगळं ठरल्यावर तेवढंच हातात उरायचं. उत्तर ठेवायची कधी गरजच पडली नव्हती.

"सांगीन," ती म्हणाली. "पण मले दिवस लागतीन."

"किती?"

"ते बी मीच सांगीन."

धनराजने मान हलवली. तिने पुढचं काही बोलावं म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ती डोंगराकडे तोंड करून उभी होती, आणि त्याला थांबावं लागलं.